नोंदवहीपासून डॅशबोर्डपर्यंत : बोलीविषयक विदेचे स्थलांतर

प्रास्ताविक

बोलीच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी निवेदक कसे निवडावेत, प्रश्नावली कशी तयार करावी आणि मिळालेले उत्तर कसे टिपून घ्यावे, याचा विचार आपण यापूर्वी केला आहे. आता त्यापुढील टप्पा पाहावयाचा आहे. टिपलेली माहिती आज फार काळ वहीत राहत नाही. ती मोबाइलवरील फॉर्ममधून संगणकावरील कोष्टकात जाते, कोष्टकातून संख्याशास्त्रीय विश्लेषण करणाऱ्या प्रणालीत जाते आणि शेवटी डॅशबोर्डवर येते. डॅशबोर्ड म्हणजे नकाशे, आलेख आणि महत्त्वाचे आकडे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा फलक. रास्त भाव दुकानात धान्याच्या साठ्याचा फलक असतो, बाजार समितीत दरांचा असतो. त्याच जातीची ही वस्तू आहे. फरक एवढाच की तिच्यावरील आकडे खडूने कोणी लिहीत नाही, ते मागील कोष्टकातून आपोआप येतात.

या प्रवासात तीन-चार वेळा प्रणाली बदलते आणि प्रत्येक बदलात काहीतरी मागे राहते. मराठीच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक बाबीत का शिरावे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मागे राहणाऱ्या गोष्टी पाहिल्या की त्याचे उत्तर मिळते. मागे राहतो तो बहुधा एखादा ‘ळ’, एखादा ‘ऱ्य’, एखाद्या वस्तीचे नाव, किंवा ‘माहिती नाही’ आणि ‘अस्तित्वात नाही’ यांमधील भेद. संगणकतज्ज्ञाच्या नजरेतून हे सहज सुटते. भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटता कामा नये.

झरी जामणीचे उदाहरण

विवेचनासाठी यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी हा तालुका घेऊ. मुकुटबन, पाटण, शिबला, माथार्जुन ही येथील परिचित गावे. दक्षिणेला पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगणातील आदिलाबादचा प्रदेश. साहजिकच येथे वऱ्हाडी वळणाच्या मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगू कानी पडतात. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात असून (उर्वरित दोन कातकरी आणि माडिया गोंड) तिची कोलामी ही भाषा द्राविडी कुळातील आहे. मरे बी. एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेला कोलामीवरील ग्रंथ भाषाविज्ञानात प्रमाण मानला जातो.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठी आणि तिच्या बोली सातव्या खंडात (१९०५) आहेत, तर कोलामी मुंडा आणि द्राविडी भाषांच्या चौथ्या खंडात (१९०६). एकाच शिवारातील दोन शेजारी घरांची बोलणी अशा रीतीने दोन ग्रंथांत विभागली गेली. भाषाकुळांच्या दृष्टीने ही विभागणी योग्यच होती. पण एका गावात प्रत्यक्ष काय बोलले जाते, हे पाहू इच्छिणाऱ्याला दोन्ही खंड शेजारी ठेवून गावाच्या नावाने जुळवाजुळव करावी लागते. डॅशबोर्ड नेमके हेच काम करतो. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर एखाद्या शब्दाची निरनिराळी रूपे नकाशावर पाहता येतात. त्या प्रकारचे, पण आपल्या तालुक्यापुरते लहान काम तुम्हाला प्रकल्पकार्यात करता येईल.

समजा, तुम्ही बारा ठिकाणी प्रत्येकी दहा, अशा १२० निवेदकांना भेटलात. ‘डोळा’ हा शब्द ते ‘डोळा’ असा उच्चारतात की वऱ्हाडीत अनेक ठिकाणी होतो तसा ‘डोया’ असा, ‘मला’ म्हणतात की ‘मले’, वय काय, आणि घरात कोणती भाषा बोलली जाते, हे तुम्ही नोंदवले. ही नोंदवही आता प्रवासाला निघणार आहे.

उघडणे आणि कळणे

एका प्रणालीत तयार झालेली फाइल दुसरीत उघडते, तेव्हा त्या दोन प्रणाली सुसंगत आहेत असे आपण म्हणतो. एक्सेलचे कोष्टक लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडते. एसपीएसएसची फाइल पीएसपीपी या मुक्त प्रणालीत उघडते आणि आर या संगणकभाषेतही वाचता येते. परंतु फाइल उघडणे निराळे आणि तिच्यातील आशय जसाच्या तसा पोहोचणे निराळे. बिऱ्हाड हलवताना डबे सगळे पोहोचतात. कोणत्या डब्यात मीठ आणि कोणत्यात साखर, हे मात्र घरातील बाईच्या डोक्यात असते. ती सोबत नसेल तर पहिल्याच दिवशी चहा खारट होतो.

सुसंगतीवर विसंबल्याचे एक गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. कोविडच्या काळात प्रयोगशाळांकडून आलेल्या चाचण्यांच्या फाइली तेथील आरोग्ययंत्रणा एक्सेलच्या जुन्या स्वरूपात एकत्र करीत असे. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत, नव्यात १०,४८,५७६ मावतात. मर्यादा ओलांडल्यावर उरलेल्या ओळी गळत गेल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत वेळेवर आलीच नाही. फाइल उघडत होती, आलेख निघत होते, म्हणून चूक जाणवली नाही. दोन्ही स्वरूपे एकाच कंपनीची होती, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून प्रकल्प म्हणजे एक फाइल, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. प्रकल्पात मूळ नोंदी असतात, नोंदींचा अर्थ असतो, त्यांवर केलेल्या क्रिया असतात आणि शेवटचे दृश्य रूप असते. यांपैकी फक्त नोंदी बऱ्यापैकी आपोआप स्थलांतरित होतात. बाकीचे तुम्हाला लिहून सोबत न्यावे लागते.

अर्थ कोठे हरवतो

संख्याशास्त्रीय प्रणालीत उत्तरे बहुधा संकेतांकांनी भरतात : १ म्हणजे मराठी, २ म्हणजे कोलामी, ३ म्हणजे गोंडी, ४ म्हणजे तेलुगू, ९ म्हणजे माहिती नाही. वय ठाऊक नसेल तर ९९ लिहितात. एसपीएसएसच्या स्वतःच्या स्वरूपात या अंकांची नावे आणि ‘हा आकडा गणनेत धरू नये’ ही सूचना फाइलमध्येच साठवलेली असते. पीएसपीपीत गेलात तर ती सोबत येते. मात्र बहुतेक डॅशबोर्ड प्रणाली विदा घेतात ती सीएसव्ही या साध्या स्वरूपात, आणि सीएसव्हीत स्वल्पविरामांनी तोडलेल्या मजकुरापलीकडे काहीही नसते. नावे गळतात, सूचना गळते, अंक तेवढे उरतात. नऊ निवेदकांचे सरासरी वय ४० असेल आणि दहाव्याचे वय अज्ञात म्हणून ९९ लिहिले असेल, तर डॅशबोर्ड सरासरी ४५.९ दाखवील. आकडा विश्वसनीय दिसतो, त्यामुळे कोणी शंका घेत नाही.

याहून गंभीर प्रकार रिकाम्या चौकटीचा. बारापैकी तीन ठिकाणी तुम्हाला दुभाषी मिळाला नाही आणि घरातील भाषेचा प्रश्न विचारताच आला नाही, असे समजा. तेथील तीस चौकटी रिकाम्या राहिल्या. उर्वरित नव्वद निवेदकांपैकी २७ जणांनी कोलामी सांगितली, म्हणजे प्रमाण ३० टक्के. आता नव्या प्रणालीने रिकामी चौकट शून्य मानली, तर २७ ला १२० ने भागले जाते आणि प्रमाण २२.५ टक्क्यांवर येते. नकाशावर त्या तीन ठिकाणी ‘कोलामी : ०’ असे उमटते. आणि दुभाष्याची गरज कोठे पडली होती? जेथे मराठी कमी समजते तेथेच. म्हणजे जेथे कोलामी सर्वाधिक असण्याचा संभव होता, नेमकी तीच ठिकाणे नकाशावर कोलामीविना दिसू लागली. एखाद्या शाळेत कोलामी समजणारा शिक्षक हवा की नको, हे ठरवणारा अधिकारी असा नकाशा पाहत असेल, तर रिकाम्या चौकटीची किंमत कोणाला मोजावी लागेल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

यास्तव रिकामी चौकट ठेवू नये. ‘विचारले नाही’, ‘उत्तर दिले नाही’ आणि ‘लागू नाही’ ही तीन उत्तरे शब्दांतच लिहावीत आणि संकेतांकांची स्वतंत्र सूची दुसऱ्या फाइलमध्ये ठेवावी. या संकेतसूचीत प्रत्येक स्तंभाचे नाव, तो प्रश्न निवेदकाला कोणत्या शब्दांत विचारला आणि संभाव्य उत्तरे एवढे असले तरी पुरे. माझ्या मते प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची फाइल हीच, जरी डॅशबोर्डवर ती कधी दिसत नसली तरी.

लिपीची परीक्षा

देवनागरी मजकूर स्थलांतरात वेगळ्याच अडचणीत सापडतो. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर असेल, तर त्यातील मराठी केवळ दिसण्यापुरती मराठी असते. फॉन्ट बदलताच रोमन अक्षरांचा गोंधळ उरतो. असा मजकूर प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करूनच पुढे न्यावा. युनिकोड मजकूरही सीएसव्हीत साठवताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा लागतो. या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. उघडणाऱ्या प्रणालीने पद्धत चुकीची गृहीत धरली की एका चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. असे दिसल्यास घाबरून जाऊ नये. मूळ फाइल शाबूत असते. ती बंद करावी आणि पद्धत सांगून पुन्हा उघडावी. त्या बिघडलेल्या रूपातच जतन केली, तर मात्र दुरुस्ती अवघड होते.

हा दोष डोळ्यांना तत्काळ दिसतो. न दिसणारा दोष ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांत आहे. ‘वऱ्हाडी’ हा शब्द संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र वर्णचिन्ह वापरतात. दुसरीत नेहमीचा ‘र’ घेऊन हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात आणि डॅशबोर्डवर ‘वऱ्हाडी’ नावाचे दोन स्तंभ शेजारी उभे राहतात. पुढे एखाद्या प्रणालीने ‘निरुपयोगी अदृश्य चिन्हे’ काढून टाकली, की दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शब्दाचा ‘वर्हाडी’ होतो. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतील अर्थभेद तुम्ही व्याकरणात अभ्यासला आहे. तो भेद एका अदृश्य चिन्हावर टांगून ठेवण्यापेक्षा सर्वत्र ‘ऱ’ हे वर्णचिन्हच वापरावे.

कोलामी शब्द टिपताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. द्राविडी भाषांच्या स्वभावानुसार कोलामीत ‘ए’ आणि ‘ओ’ या स्वरांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन्ही रूपे आहेत. युनिकोडच्या देवनागरी संचात ऱ्हस्व रूपांसाठी ‘ऎ’ आणि ‘ऒ’ ही चिन्हे आहेत. परंतु ती मराठीच्या सर्व कळफलकांवर आढळत नाहीत आणि काही फॉन्टमध्ये त्यांच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. चौकोन दिसला म्हणजे अक्षर गेले असे नव्हे, फॉन्ट बदलून पाहावे. आणि मोबाइलच्या शब्दसूचनांपासूनही सावध असावे. निवेदकाचा ‘मले’ हा कळफलक परस्पर ‘मला’ करून टाकू शकतो. प्रमाणभाषेचा हा आग्रह माणसांनी सोडला तरी यंत्राने अद्याप सोडलेला नाही! फॉर्म भरताना शब्दसूचना बंद ठेवाव्यात.

अंकांविषयी थोडे. या पुस्तिकेत आपण देवनागरी अंक छापतो, पण कोष्टकाच्या चौकटीत ते भरल्यास बहुतेक प्रणाली त्यांना मजकूर समजतात आणि बेरीज शून्य येते. विदा भरताना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये उल्लेखिलेले ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ वापरावे. फलकावर दाखवताना देवनागरी रूप देता येते. दिनांकही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा लिहावा. ०४/०७/२०२४ हा एका प्रणालीत ४ जुलै असतो आणि दुसरीत ७ एप्रिल.

वणी कोणती, पाटण कोणते?

नकाशा हा डॅशबोर्डचा सर्वांत आकर्षक भाग, आणि बोलीच्या अभ्यासात सर्वांत फसवाही. अनेक प्रणाली केवळ गावाचे नाव दिले तरी ते नकाशावर शोधून ठिपका मांडतात. झरी जामणी तालुक्यात पाटण आहे. सातारा जिल्ह्यात त्याच नावाचा तालुका आहे. गुजरातेत जिल्हा आहे. झरी जामणीला लागून असलेला वणी तालुका आणि सप्तशृंगी गडाजवळची नाशिक जिल्ह्यातील वणी, यांचे देवनागरी लेखन एकच. तुमचे कोलामी निवेदक नाशिकमध्ये जाऊन बसले, तर प्रणालीला त्यात काहीच वावगे वाटणार नाही. शिवाय ‘झरी जामणी’, ‘झरी-जामणी’, ‘झरीजामणी’ अशी लेखनभिन्नता आहेच. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक मोकळी जागादेखील संगणकाच्या दृष्टीने नवे गाव निर्माण करते.

यावर उपाय म्हणजे नावाबरोबर जनगणनेचा संकेतांक ठेवणे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा संकेतांक २७ आणि यवतमाळ जिल्ह्याचा ५१० असून प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक आहे. हा संकेतांक ‘संख्या’ म्हणून न ठेवता ‘मजकूर’ म्हणून ठेवावा. त्याची बेरीज कधी करायची नसते, आणि संख्या मानल्यास आरंभीचे शून्य गळून पडते. जम्मू-काश्मीरचा तेव्हाचा ०१ हा संकेतांक मग नुसता १ होतो. पैनगंगेपलीकडील गावे घेणार असाल तर आणखी एक खबरदारी : २०११ मध्ये आदिलाबाद आंध्र प्रदेशात होते, तेलंगण राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. जुन्या कोष्टकाला आजचा नकाशा जोडल्यास ती गावे कोठेच जुळणार नाहीत.

इतके करूनही झरी जामणीपुरता एक प्रश्न उरतो, आणि तोच मला या विषयाचा गाभा वाटतो. कोलामांची वस्ती बहुधा गावाबाहेर, स्वतंत्र ‘पोडा’वर असते. असे अनेक पोड महसुली गावाचा भाग मानले जातात. त्यांना स्वतःचा गाव-संकेतांक नसतो. तुम्ही काटेकोरपणे संकेतांकावरून जुळवणी केलीत, तर पोडावरील दहा निवेदक मूळ गावाच्या निवेदकांत मिसळतील. गावात ‘डोया’, पोडावर कोलामी, आणि फलकावर मात्र दोन्हींची सरासरी! वहीत तुम्ही पोडाचे नाव नीट लिहिले होते. ते हरवले जुळवणीत. म्हणून गाव-संकेतांकाच्या पुढे पोडासाठी वेगळा स्तंभ ठेवा, त्याला स्वतःचे चिन्ह द्या आणि नकाशासाठी अक्षांश-रेखांश त्या जागेवरच नोंदवा. सरकारी संकेतांक आवश्यक आहे, पण तो तुमच्या निरीक्षणापेक्षा मोठा नाही.

मात्र पोड लहान असतो. दहा घरांच्या वस्तीत ‘वय ७० च्या पुढे, स्त्री, कोलामी’ अशी चाळणी लावली की डॅशबोर्ड पाहणाऱ्याला व्यक्ती ओळखता येते. सार्वजनिक फलकावर वयोगट मोठे ठेवावेत, नावे व दूरध्वनी क्रमांक मूळ फाइलमधून बाहेरच काढू नयेत आणि अक्षांश-रेखांश घराचा न देता वस्तीचा द्यावा.

काय नेता येत नाही

दृश्य रूपाचे स्थलांतर जवळजवळ होत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. पॉवर बीआयमध्ये रचलेला फलक लुकर स्टुडिओत उघडत नाही. टॅब्लोतील नकाशा या दोहोंतही जात नाही. तेथे तो पुन्हा रचावा लागतो. कोष्टकातील साधी सूत्रे एक्सेलमधून कॅल्कमध्ये चांगली जातात, मॅक्रो अर्धवट जातात, आणि सीएसव्हीत सूत्र जातच नाही, केवळ त्याचे उत्तर जाते. म्हणून टक्केवारी, वयोगट, ‘ळ’चा ‘य’ होण्याचे प्रमाण अशा गणना डॅशबोर्डच्या पोटात करू नयेत. त्या आधीच्या टप्प्यावर कराव्यात, शक्य तर आर किंवा पीएसपीपीमध्ये आज्ञा लिहून, म्हणजे क्रियांची नोंद आपोआप राहते. डॅशबोर्डने फक्त दाखवावे. असे केल्यास उद्या प्रणाली बदलली तरी चित्र तेवढे नव्याने काढावे लागते, अभ्यास नव्याने करावा लागत नाही.

प्रत्येक स्थलांतरानंतर पडताळणी करावी. ओळींची संख्या पूर्वीइतकी आहे का? वयांची बेरीज जुळते का? प्रत्येक भाषेचे निवेदक तितकेच आहेत का? त्यानंतर पाच ओळी मूळ वहीशी अक्षरशः ताडून पाहाव्यात. या पाच ओळी यदृच्छेने न निवडता मुद्दाम अडचणीच्या निवडाव्यात : एक ‘ऱ्ह’ असलेली, एक ‘ऎ’ असलेली, एक वय अज्ञात असलेली, एक पाटणची आणि एक पोडावरची.

स्वाध्याय

तुमच्या परिसरातील कोणत्याही दहा व्यक्तींकडून ‘डोळा’, ‘केळे’ आणि ‘मला’ या शब्दांचे उच्चार नोंदवा. निदान एका व्यक्तीचे वय मुद्दाम अज्ञात ठेवा आणि एका ठिकाणी भाषेचा प्रश्न विचारू नका. ही नोंद कॅल्क किंवा एक्सेलमध्ये भरून सीएसव्ही स्वरूपात साठवा आणि दुसऱ्या प्रणालीत उघडून स्तंभालेख काढा. मूळ वहीत असलेले परंतु आलेखात न दिसणारे काय काय आहे, ते दीडशे शब्दांत लिहा. संगणक उपलब्ध नसल्यास अभ्यासकेंद्रावर किंवा सहाध्यायाच्या मोबाइलवर हे करता येईल. वही मात्र स्वतःची असावी, आणि संपर्कसत्राला येताना ती सोबत आणावी.